मलेरियाची गोळी ल्युपसच्या पेशंटला का? एका जुन्या औषधाची गोष्ट



"डॉक्टर, मला मलेरिया झालेलाच नाही, मग ही गोळी कशाला?"

त्वचेचा ल्युपस असलेले बहुतेक पेशंट हा प्रश्न मला कधी ना कधी विचारतात. कुणाला केमिस्टने सांगितलेलं असतं, कुणी मोबाइलवर गोळीचं नाव टाकून बघितलेलं असतं. काही जण मात्र विचारत नाहीत. ते गोळी गुपचूप बंद करतात. महिनाभर काहीच होत नाही. मग त्यांना वाटतं, बरं झालं, उगाच एक औषध कमी झालं. आणि तीन-चार महिन्यांनी गालांवर आणि कानांवर नवे चट्टे घेऊन ते परत येतात.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे त्या गोळीचं नाव. लेखात तिला सोयीसाठी एचसीक्यू म्हणू. ही गोळी मलेरियाकडून ल्युपसकडे कशी आली, ती उपयोगी आहे हे कोणी आणि कसं तपासलं, आणि सोडल्यावर महिनाभर काहीच का होत नाही, हे आज सविस्तर सांगतो. गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती समजली तर गोळी का चालू ठेवायची हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आधी आजाराबद्दल थोडं

आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. ल्युपसमध्ये ती चुकून आपल्याच पेशींवर उलटते. कधी हा हल्ला सांधे, मूत्रपिंड, रक्त अशा अनेक ठिकाणी होतो, तर कधी तो मुख्यतः त्वचेपुरताच राहतो. त्वचेच्या ल्युपसचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिल्यात दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली येते. दुसऱ्यात छाती, पाठ आणि हातांवर कड्यासारखे किंवा खवले धरलेले चट्टे येतात. तिसऱ्यात चकतीसारखे जाड चट्टे येतात. ते बरे होताना मागे पांढरा-काळा व्रण ठेवून जातात आणि डोक्यात आले तर तिथले केस कायमचे जातात. या तिसऱ्या प्रकाराला डिस्कॉइड ल्युपस म्हणतात.

हा आजार संसर्गजन्य नाही. तो कुष्ठरोग नाही आणि नायटाही नाही. पण आपल्याकडे त्याला आधी वांग समजतात, मग नायटा समजतात आणि मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावतात. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यामुळे चार दिवस चट्टा फिका पडतो आणि निदान मात्र सहा महिने लांबतं. ऊन लागल्यावर वाढणारा, महिनोन् महिने न जाणारा चेहऱ्यावरचा चट्टा असेल, तर ट्यूब लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

एकच नाव, दोन आजार

ल्युपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहरा कुरतडल्यासारखे दिसणारे जुने व्रण बघून युरोपातल्या वैद्यांनी मध्ययुगातच हे नाव वापरायला सुरुवात केली. त्या एका नावाखाली अनेक वेगवेगळे आजार कोंबले गेले. पॅरिसच्या काझनाव्ह या डॉक्टरांनी १८५१ मध्ये लाल चट्ट्यांच्या ल्युपसला वेगळं नाव दिलं. पुढे १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखवलं की हा आजार त्वचेपुरता न राहता शरीराच्या आतही जाऊ शकतो.

दुसरा ल्युपस म्हणजे त्वचेचा टीबी. त्याला आजही लुपस व्हल्गॅरिस म्हणतात. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्यावर तीव्र प्रकाशाचे उपचार केले आणि त्यासाठी त्यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे एका ल्युपसवर प्रकाश हे औषध होतं आणि दुसरा ल्युपस उन्हाने भडकतो. नावाचा गोंधळ पेशंटला किती महागात पडू शकतो ते यावरून लक्षात येईल. तुमच्या जुन्या रिपोर्टवर ल्युपस लिहिलं असेल तर ते नेमकं कशाबद्दल आहे, हे एकदा विचारून घ्या.

क्विनाइनपासून सुरुवात

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पेन नावाचे डॉक्टर होते. १८९४ मध्ये त्यांनी ल्युपसच्या पेशंटना क्विनाइन दिल्याचं आणि त्याचा फायदा झाल्याचं सांगितलं. चट्ट्यांची लाली रक्तवाहिन्या फुगल्यामुळे येते आणि क्विनाइनने ती ओसरते, असा त्यांचा तर्क होता. आज आपण या औषधांचं काम वेगळ्या प्रकारे समजतो, पण त्यांचं निरीक्षण टिकलं.

क्विनाइन सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून निघतं. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ब्रिटिशांनी १८६० च्या दशकात ते भारतात आणलं. निलगिरी आणि दार्जिलिंगला ते रुजलं. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही लागवड करून पाहिली गेली, पण तिथे जमलं नाही. मलेरियाने गावंच्या गावं अंथरुणाला खिळत असत, तेव्हा क्विनाइनच्या पुड्या पोस्टातसुद्धा विकायला ठेवलेल्या असत. आजीच्या तोंडून कडू कोयनेलची आठवण ऐकली असेल, ते कोयनेल म्हणजे हेच.

पेन यांच्या शोधाला मात्र मोठा आधार नव्हता. थोडे पेशंट, एका डॉक्टरचा अनुभव आणि तुलनेला कोणीच नाही. पुढची पन्नासेक वर्षं ल्युपसवर सोन्याची, बिस्मथची इंजेक्शनं असे नाना उपाय झाले आणि क्विनाइन मागे पडलं.

युद्ध, कॅम्प आणि पिवळी गोळी

उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असं म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याणचा ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आपल्या गोष्टीतलं पुढचं वळण याच युद्धातलं आहे.

१९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं. जगातलं बहुतेक क्विनाइन तिथल्या सिंकोनापासून येत होतं, ते एकदम थांबलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर गोळ्यांनी जखमी होणाऱ्यांपेक्षा आजाराने, विशेषतः मलेरियाने, पडणारे सैनिक कितीतरी जास्त होते. मग मेपाक्रीन नावाची कृत्रिम गोळी वापरात आली. ती जर्मनीत १९३० च्या सुमारास तयार झाली होती. चव कडू, आणि रोज घेतली की कातडी पिवळी पडायची. तिने पुरुषत्व जातं अशी अफवाही पसरली, म्हणून सैनिक ती टाळायचे. शेवटी अधिकाऱ्यांना समोर उभं राहून गोळी गिळली की नाही ते तपासावं लागलं.

लाखो निरोगी तरुणांनी महिनोन् महिने मलेरियाची गोळी घेतली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्यातल्या ज्यांना आधीपासून त्वचेचे चट्टे किंवा सांधेदुखी होती, त्यांच्यापैकी काहींचा तो त्रास कमी झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. काहींना उलट याच गोळीने अंगावर पुरळही आलं. कुणी प्रयोग म्हणून हे केलं नव्हतं, ते ओघात दिसून आलं होतं.

सोव्हिएत रशियात प्रोकोप्चुक या डॉक्टरांनी १९४० मध्येच ल्युपससाठी हेच औषध वापरून लेख लिहिला होता, पण तो बाहेर फारसा पोचला नाही. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज यांनी लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मेपाक्रीन दिलेल्या १८ पेशंटची हकीकत छापली. बहुतेकांचे चट्टे स्पष्टपणे सुधारले होते. या लेखानंतर जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ मलेरियाच्या औषधांकडे वळले.

गोळी बदलली, डोळ्यांची काळजी आली

मेपाक्रीनने कातडी पिवळी होत असल्यामुळे दुसरं औषध हवंच होतं. क्लोरोक्वीन १९३४ मध्ये जर्मनीत तयार झालं होतं, पण ते फार विषारी आहे असं समजून बाजूला ठेवलं गेलं. युद्धाच्या काळात अमेरिकेत ते पुन्हा तपासलं, तेव्हा ती भीती चुकीची निघाली. त्याच्यात थोडा बदल करून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन तयार झालं आणि १९५५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

१९५९ मध्ये लॅन्सेटमध्येच लंडनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की क्लोरोक्वीन बराच काळ घेतलेल्या काही पेशंटच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे. आज तुम्ही ज्या भीतीने गोळी बंद करता, तिचा उगम इथे आहे. ती भीती खोटी नाही, पण ती आकड्यात मोजून बघायला हवी.

२०१४ मध्ये अमेरिकेत ५ वर्षांहून अधिक काळ एचसीक्यू घेणाऱ्या २,३६१ जणांच्या डोळ्यांची माहिती तपासली गेली. रोजचा डोस शरीराच्या प्रत्येक किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर पहिल्या ५ वर्षांत पडदा खराब होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी आणि १० वर्षांत २ टक्क्यांहून कमी निघाला. २० वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे डोस जास्त असेल आणि वर्षं वाढली, तर धोका वाढतो. म्हणूनच तुमचं वजन विचारलं जातं. ५० किलो वजनाला रोजची मर्यादा सरासरी २५० मिलिग्रॅम येते आणि गोळी साधारणपणे २०० मिलिग्रॅमची असते. वजन पाच-सात किलोंनी उतरलं असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पहिल्या वर्षात एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांची खास तपासणी, ओसीटी आणि व्हिज्युअल फील्ड, करायची असते. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी त्यासाठी चालत नाही.

४७ पेशंट आणि एक साधा प्रश्न

१९५५ पासून तीस-पस्तीस वर्षं डॉक्टर अनुभवावर ही गोळी देत राहिले. पण ल्युपस आपोआपही वरखाली होतो. पेशंट बरा राहिला तर तो गोळीमुळे की नशिबाने, हे कसं ठरवायचं? आणि आजार शांत झाल्यावर गोळी बंद केली तर चालेल का?

कॅनडातल्या डॉक्टरांच्या एका गटाने नेमका हा प्रश्न घेतला. त्यांनी ल्युपस आटोक्यात असलेले आणि आधीपासून एचसीक्यू घेणारे ४७ पेशंट निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून २५ जणांना तीच गोळी चालू ठेवली आणि २२ जणांना तिच्यासारखीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नव्हतं आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. असे २४ आठवडे गेले.

निकाल १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. खरी गोळी चालू असलेल्या २५ पैकी ९ जणांचा आजार पुन्हा वर आला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २२ पैकी १६ जणांचा आला. हिशेब केल्यावर गोळी थांबवलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका अडीच पट निघाला. हे पेशंट शरीरभर ल्युपस असलेले होते आणि उलटणाऱ्या तक्रारींमध्ये त्वचेचे चट्टेही होते.

हे आकडे नीट बघा. गोळी चालू असूनही ९ जणांना त्रास झाला, म्हणजे ही गोळी जादूची नाही. आणि ती थांबवूनही ६ जण बरे राहिले. तुमच्या शेजारच्या बाई गोळी सोडूनही ठणठणीत असतील, तर त्या या सहांपैकी असू शकतात. तुम्ही सहांत असाल की सोळांत, हे आधी कोणीच सांगू शकत नाही.

२४ आठवडे का लागले, हेही समजून घ्या. एचसीक्यू शरीराच्या पेशींमध्ये साठत जाते आणि फार सावकाश बाहेर पडते. त्यामुळे सुरू केल्यावर फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि बंद केल्यावरही काही आठवडे तिचा असर राहतो. सोडल्यावर महिनाभर जे बरं वाटतं ते आधी घेतलेल्या गोळ्यांमुळे. त्या महिन्याच्या अनुभवावरून आपल्याला गोळीची गरज नाही, असा निष्कर्ष काढू नका.

२०२० चा उन्हाळा

हीच गोष्ट आपण सगळ्यांनी २०२० मध्ये पाहिली. कोविड नवा होता आणि औषध नव्हतं. मार्चच्या चौथ्या आठवड्यात आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि कोविड पेशंटच्या घरच्यांना प्रतिबंध म्हणून एचसीक्यू घेण्याचा सल्ला दिला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिचं कौतुक केलं. दोन-तीन दिवसांत दुकानांतून गोळी गायब झाली. जगाला लागणाऱ्या या गोळीचा मोठा हिस्सा भारतात बनतो, मुंबईची इप्का आणि अहमदाबादची झायडस या त्यातल्या मोठ्या कंपन्या. तरीही आपल्याच पेशंटना ती मिळेना. २५ मार्चला सरकारने निर्यातीवर बंदी घातली आणि दुसऱ्या दिवशी गोळी शेड्यूल एच-वनमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि केमिस्टने प्रत्येक विक्रीची नोंद ठेवायची. मुंबईत धारावी आणि वरळीच्या वस्त्यांमध्ये लोकांना ती प्रतिबंध म्हणून वाटण्याची योजनाही एप्रिलमध्ये आखली गेली होती, ती पुढे बाजूला ठेवली गेली.

लोकल बंद होत्या. एरवी परळला किंवा ठाण्याला जाऊन औषध आणणारे पेशंट घरात अडकले होते. त्या दिवसांत मला येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न ठरलेला असायचा, "चार गोळ्या उरल्यात, एक दिवसाआड घेऊ का?" काहींनी तसं केलं, काहींची गोळी पूर्ण थांबली. एप्रिल-मेमध्ये त्यांना काही वाटलं नाही. पावसाळा सुरू झाल्यावर त्यातल्या काहींचे चट्टे आणि सांधेदुखी परत आली.

दरम्यान इंग्लंडमध्ये रिकव्हरी नावाची मोठी चाचणी चालू होती. ५ जून २०२० ला तिचा निष्कर्ष जाहीर झाला. हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या कोविड पेशंटपैकी १,५६१ जणांना एचसीक्यू दिली होती आणि ३,१५५ जणांना नेहमीचे उपचार. २८ दिवसांत पहिल्या गटातले २७ टक्के आणि दुसऱ्यातले २५ टक्के पेशंट दगावले. गोळीचा फायदा झाला नव्हता.

दोन्ही चाचण्यांची रीत एकच होती. चिठ्ठी टाकून दोन गट आणि त्यांची तुलना. एकीने ल्युपसमध्ये गोळी उपयोगी ठरवली, दुसरीने कोविडमध्ये निरुपयोगी. एखादं औषध कोण सांगतंय यापेक्षा ते कसं तपासलंय हे विचारायची सवय आपण सगळ्यांनीच लावून घ्यायला हवी, डॉक्टरांनीसुद्धा.

गोळी पुरत नाही तेव्हा

सगळ्यांनाच एचसीक्यूने पुरेसा आराम पडत नाही. १९९२ मध्ये त्वचेच्या ल्युपसचे ५८ पेशंट घेऊन एचसीक्यू आणि अ‍ॅसिट्रेटिन या दोन औषधांची तुलना झाली. दोन्हींकडे साधारण निम्म्याच पेशंटमध्ये चांगली सुधारणा दिसली आणि अ‍ॅसिट्रेटिनचे साइड इफेक्ट जास्त होते. उरलेल्या निम्म्यांचं काय?

एक उत्तर कुष्ठरोगाच्या वाटेने आलं. गरोदरपणात घेतल्याने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, म्हणून थॅलिडोमाइड हे औषध १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. काही वर्षांतच जेरुसलेमच्या शेस्किन यांना दिसलं की कुष्ठरोगातल्या तीव्र दाहावर ते विलक्षण काम करतं. १९७५ मध्ये मेक्सिकोत ते डिस्कॉइड ल्युपसच्या २० पेशंटना दिलं गेलं आणि १९८३ मध्ये जर्मनीत ६० जणांना. दहांतल्या नऊ जणांना मोठा फरक पडला, पण औषध थांबल्यावर बहुतेकांचे चट्टे परत आले आणि अनेकांच्या हातापायांच्या नसांना इजा झाली. आजही ते फक्त हट्टी आजारात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरतात. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही. एचसीक्यूचं याच्या उलट आहे. ती गरोदरपणातही साधारणपणे चालू ठेवतात. दिवस गेले म्हणून घाबरून ती स्वतःहून बंद करू नका.

नव्या औषधांच्या वाटेत एक साधी अडचण होती. चट्टे सुधारले म्हणजे किती सुधारले? प्रत्येक डॉक्टर आपल्या नजरेने सांगायचा. २००५ मध्ये अमेरिकेत क्लासी नावाची गुणांची पद्धत तयार झाली. तिच्यात चालू आजाराचे गुण वेगळे आणि राहून गेलेल्या व्रणांचे वेगळे धरतात. हा फरक तुमच्याही कामाचा आहे. लाली आणि खवले औषधाने जाऊ शकतात, गेलेले केस आणि बसलेला व्रण सहसा परत भरत नाही. आणि आपल्या सावळ्या त्वचेवर ती लाली लाल दिसतेच असं नाही. ती जांभळट किंवा काळपट दिसते, म्हणून आजार चालू असूनही जुना डाग समजून दुर्लक्ष होतं.

ही मोजपट्टी आल्यावर नवी इंजेक्शनं तपासता आली. अ‍ॅनिफ्रोलुमॅबच्या २०२० च्या चाचणीत, ज्यांची त्वचा जास्त बिघडलेली होती त्यांच्यापैकी ४९ टक्के पेशंटचे गुण १२ आठवड्यांत निम्म्यावर आले. तुलनेच्या गटात २५ टक्क्यांचे आले. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला शरीरभर असलेल्या ल्युपससाठी मान्यता मिळाली. लिटिफिलिमॅब हे औषध त्वचेच्या ल्युपसच्या १३२ पेशंटमध्ये तपासलं, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. डोसाप्रमाणे चट्ट्यांचे गुण ३९ ते ४८ टक्क्यांनी उतरले. औषध न मिळालेल्या गटातही ते साडेचौदा टक्क्यांनी उतरले होते. तुलनेचा गट नसता तर हे श्रेयही औषधालाच गेलं असतं.

आपण कुठे आहोत?

१९९३ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात घरोघरी पाहणी झाली, तेव्हा शरीरभर असलेल्या ल्युपसचं प्रमाण लाखामागे ३.२ आलं. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून नऊ लाखांहून जास्त लोक होते. त्या प्रमाणाने इथे साधारण तीसच पेशंट निघतात. त्वचेपुरता ल्युपस असलेले वेगळे. प्रत्यक्षात आकडा मोठा असू शकेल, पण तरीही एका गावातल्या एका डॉक्टरला अनुभवावर काही ठरवता येईल इतके पेशंट कधीच भेटत नाहीत. म्हणून अनेक केंद्रांनी एकत्र येऊन केलेलं संशोधन लागतं. परळच्या केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने ल्युपसच्या पेशंटच्या रक्तातल्या अँटीबॉडींवर बरीच वर्षं काम केलं आहे. त्या कामात कुणीतरी हात पुढे करून दिलेलं रक्त आहे.

उद्या तुम्हाला कुणी चाचणीत भाग घेता का विचारलं, तर "आमच्यावर प्रयोग करताय का" असं म्हणून उठू नका, आणि डोळे झाकून सहीही करू नका. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, इथे आहे का आणि एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, ते विचारा. माहितीपत्रक मराठीत, हिंदीत किंवा सिंधीत, तुम्हाला समजेल त्या भाषेत मागा. नुकसान झालं तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते वाचा. मधेच बाहेर पडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

तोपर्यंत हातात असलेल्या गोष्टी करा. २०११ मध्ये त्वचेच्या ल्युपसच्या २५ पेशंटवर जर्मनीत एक चाचणी झाली. सनस्क्रीन नीट लावलेल्या जागेवर अतिनील किरण सोडूनही एकालाही चट्टा आला नाही. बदलापूरच्या उन्हात स्कूटरवर जाताना, एमआयडीसीत उघड्यावर काम करताना, लोकलच्या खिडकीशी बसतानाही ते लागतं. पातळ थर पुरत नाही, भरपूर लावा आणि दुपारी पुन्हा लावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, ओढणी, छत्री आहेच. सिगारेट किंवा विडी ओढत असाल तर सोडा, कारण धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आजार जास्त हट्टी असतो आणि एचसीक्यूचा गुण कमी येतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. घरात दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा आणि त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. लहान मुलांना थोड्या गोळ्याही जिवावर बेतू शकतात.

आणि गोळी बंद करायची असेल तर आधी सांगा. खर्च परवडत नाही, डोळ्यांची भीती वाटते, मळमळतं, सासरी माहीत नाही, कारण काहीही असू द्या. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, कधी कधी डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू थांबवताही येते. चार महिन्यांनी व्रण पडल्यावर मात्र आमच्या हातात फारसं काही राहत नाही. पुढच्या भेटीला येताना गोळ्यांची पट्टी, आजचं वजन आणि डोळ्यांचा शेवटचा रिपोर्ट सोबत आणा.